बहुचल कलनाचा सराव वर्ग : संकलनात उत्तम, मॅक्झिमा-मिनिमात जेमतेम

सोलापुरात सात रस्त्याजवळ अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षासाठी बहुचल कलनाचा (एकाहून अधिक चलांच्या फलांच्या गणिताचा) जो सराव वर्ग चालतो, तिथे सूत्रे शिकवली जात नाहीत. ती महाविद्यालयात होऊन गेली आहेत असे गृहीत धरून केवळ उदाहरणे सोडवून घेतली जातात. डबल इंटिग्रेशनसाठी (दुहेरी संकलनासाठी) हा वर्ग लावण्यासारखा आहे, कारण क्षेत्राची आकृती काढल्याशिवाय सर वहीला हात लावत नाहीत.

या शिस्तीचे मोल ‘चेंज ऑफ ऑर्डर’च्या, म्हणजे संकलनाचा क्रम बदलण्याच्या उदाहरणांत कळते. वाय हा एक्सपासून १ पर्यंत, एक्स ० ते १ आणि आत ई या स्थिरांकाचा वाय-वर्ग हा घात, असे उदाहरण दिल्याप्रमाणे सोडवू गेल्यास पहिल्याच पायरीवर अडते, कारण त्या फलाचे संकलन नेहमीच्या फलांत मांडताच येत नाही. आकृतीत मात्र (०,०), (०,१) आणि (१,१) हा त्रिकोण दिसतो. उभ्या पट्टीऐवजी आडवी पट्टी घेतली की एक्स ० ते वाय होतो, आत वाय हा गुणक आपोआप येतो आणि उत्तर (ई − १)/२ असे दोन ओळींत निघते. ट्रिपल इंटिग्रेशनच्या नोट्सही चांगल्या आहेत. गोलीय निर्देशकांत थीटा आणि फाय या कोनांची अदलाबदल करणारी पुस्तके असतात, हे त्यांत पहिल्याच पानावर बजावले आहे.

मॅक्झिमा-मिनिमाकडे, म्हणजे फलाच्या कमाल-किमान मूल्यांकडे वळल्यावर मात्र हाच वर्ग घाई करतो. आरटी − एस² धन आणि आर ऋण म्हणजे कमाल, एवढे घोकून घेतले जाते (आर, एस, टी हे फलाचे दुसऱ्या क्रमाचे आंशिक विकलज : अनुक्रमे एक्सने दोनदा, एक्स व वायने एकेकदा, वायने दोनदा). ही राशी शून्य आली तर काय, हा प्रश्न ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून बाजूला सारला जातो. एक्स⁴ + वाय⁴ आणि एक्स⁴ − वाय⁴ ही दोन फले आरंभबिंदूपाशी शेजारी ठेवली असती, तरी काम भागले असते : राशी दोन्हीकडे शून्यच, पण पहिल्याला तिथे किमान मूल्य आहे, दुसऱ्याला ना किमान ना कमाल. एखादी अट पाळून कमाल-किमान काढण्याच्या लॅग्रांजच्या पद्धतीसाठी ३२ घनमीटरची, वरून उघडी टाकी कमीत कमी पत्र्यात बनवण्याचे उदाहरण दिले जाते (टाकीचे महत्त्व सोलापूरकरांना वेगळे सांगायला नकोच). तळ ४ बाय ४, उंची २, पत्रा ४८ चौरस मीटर, एवढे उत्तर येते आणि फळा पुसला जातो. हे किमानच कशावरून, हे ती पद्धत स्वतः सांगत नाही. तळ २ बाय २ आणि उंची ८ घेतल्यास पत्रा ६८ चौरस मीटर लागतो, एवढी तुलना तरी करून दाखवायला हवी होती.

शुल्क दोन्ही भागांचे एकत्रच घेतात. केवळ मॅक्झिमा-मिनिमासाठी कोणी विचारत असेल, तर त्याने जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन घरीच बसावे.