बीबीएफ पेरणी यंत्र: सोयाबीनसाठी कितपत कामाचं?

लातूर, हिंगोली, वाशिमकडच्या दोन-चार एकरांच्या घरच्या शेतीत खरिपाचा हिशेब सोयाबीनवरच चालतो, म्हणून यंत्र नीट पारखून घ्यावं. बीबीएफ म्हणजे ब्रॉड बेड फरो, रुंद वरंबा-सरी. ट्रॅक्टरला जोडलेलं हे यंत्र एका फेरीत रुंद वरंबा पाडतं, त्यावर ४५ सेंमी अंतराने ४ ओळी पेरतं, दोन्ही बाजूंना सरी काढतं. झड लागली की जादा पाणी सरीतून निघतं, उघडीप पडली तर ओल टिकते. भारी जमिनीत याचं मोल कळतं. एकरी ३० किलोऐवजी २२-२४ किलो बियाण्यात भागतं, पण उगवण ७० टक्क्यांच्या वर असेल तरच.

गडबड होते ती खोलीत. बी ५ सेंमीच्या खाली गेलं आणि वर मातीची कडक पापडी आली, की दुबार पेरणीच. ओल्या काळ्या रानात बी सोडणाऱ्या नळ्या चिखलाने बुजतात, चालकाला पत्ताही लागत नाही. मागे एक माणूस हवाच. बी उचलणारी चकती बियाण्याच्या आकाराला जुळणारी नसेल तर बी फुटून त्याची डाळ होते. खताची पेटी त्याच संध्याकाळी रिकामी करा, नाहीतर गंजते.

विकत कशाला, भाड्याने बोलवा. अर्ध्या एकराच्या तुकड्यात मात्र निम्मा वेळ वळण्यातच जातो, तिथे तिफणच बरी.