लिफ्टवरची गाडी किणी टोलनाक्यावर

रात्री पावणेबाराला मोबाईल वाजला. फास्टॅगमधून किणी टोलनाक्याचे पैसे गेल्याचा मेसेज होता. संध्याकाळीच गॅरेजवाल्यानं मला सांगितलं होतं की गाडी लिफ्टवर आहे, चारी चाकं काढलेली आहेत, शॉक खाली उतरवलेत. पाऊण तासानं कराडजवळच्या तासवडे टोलनाक्याचाही मेसेज आला. म्हणजे चाकं काढलेली माझी गाडी पुण्याच्या दिशेनं निघाली होती.

सकाळी फोन केला. "मालक, ट्रायलला काढली हुती. हायवेला सोडल्याशिवाय कळत न्हाई की." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. ट्रायलला कोल्हापुरातून तासवड्यापर्यंत कोण जातं, हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, विचारायला जीभ उचलली नाही. तीन आठवडे त्या माणसाच्या टपरीवरचा चहा पीत होतो.

गाडी 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230. भारतात फक्त 500 आल्या, 230 पीएस ताकद, 350 न्यूटन मीटर टॉर्क. पुण्याच्या ज्या गृहस्थाकडून घेतली, ते ती कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर न्यायचे. त्यामुळे खाली महागडे कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे शॉक-स्प्रिंगचे जोड), पुढच्या चाकांना तीन अंश निगेटिव्ह कॅम्बर (म्हणजे चाकाची वरची बाजू आत झुकलेली), ट्रॅकचे ब्रेक पॅड आणि सेमी-स्लिक टायर. ट्रॅकवर या सगळ्याला अर्थ आहे. राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीला रोज जायचं म्हटलं की तीच गाडी शिक्षा होते. पॅड गरम झाल्याशिवाय धरत नाहीत आणि थंड असताना किंचाळतात. तीन अंश कॅम्बरवर सरळ रस्त्यावर चालवली की टायरची आतली कड आधी संपते. सेमी-स्लिकला पाणी फेकायला पुरेशा खाचा नसतात, आणि आपल्याकडचा जुलै तुम्हाला माहीतच आहे. आईला एकदा रंकाळ्यापर्यंत नेलं, तर परत येताना म्हणाली, मी रिक्षानं येते.

म्हणून ठरवलं की गाडी कंपनीच्या मूळ मापावर आणायची. कॉइलओव्हर काढून आरएसचे मूळ शॉक आणि स्प्रिंग, साधे पॅड, पावसाला चालणारे टायर, अलाइनमेंट, आणि इंजिनाचं बदललेलं सॉफ्टवेअर परत मूळचं. गॅरेजवाल्यानं 1 लाख 85 हजार सांगितले, 1 लाख 20 हजार आगाऊ घेतले. काढलेल्या कॉइलओव्हरचं विचारलं तर म्हणाला, "ठेवतो की बाजूला. कुठं जात्यात?" कागदावर मात्र काही लिहिलं नाही. मीही मागितलं नाही.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा मी खूश होतो, आणि हीच खरी गंमत आहे. गाडी उंच झाली होती, स्पीडब्रेकरला घासत नव्हती, खड्डा आला तरी मऊ लागत होती. मी स्वतः त्याला म्हणालो, "नाद खुळा काम केलंस." मऊपणा दोन प्रकारचा असतो हे मला कळायला हवं होतं. स्प्रिंग मऊ आणि शॉक धडधाकट असेल तर गाडी खड्डा खाते आणि लगेच स्थिर होते. शॉक मेला असेल तरी गावातल्या वेगाला मऊच लागतं, कारण आवरायला कुणी नसतं. फरक हायवेला कळतो. कागलकडे जाताना शंभराच्या वेगात एक उंचवटा आला आणि गाडी पुढं तीन वेळा डुलली, नावेसारखी. पुढच्या रविवारी गगनबावड्याच्या रस्त्याला वळणात मागची बाजू अशी उशिरा आली की बायकोनं दाराचं हँडल धरलं ते घाटमाथ्यापर्यंत सोडलं नाही.

धुवायला दुसरीकडे दिली. प्रेशरच्या पाण्यानं पुढच्या शॉकचा काळा रंग सोलला, खाली गंज आणि तेलाचा ओघळ. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला वर घेतली. शॉकवरचे पार्ट नंबर आरएसचे नव्हतेच, साध्या 1.8 पेट्रोल ऑक्टाव्हियाचे होते, कुठल्या तरी ठोकलेल्या गाडीतून काढून वर स्प्रे मारलेले. सॉफ्टवेअरला हातही लावला नव्हता, फक्त फॉल्ट कोड पुसले होते. टायर "नवीन" होते खरे, पण बाजूवरचा कोड 0921, म्हणजे 2021 चा नववा आठवडा, आणि हे सगळं चाललंय 2024 च्या पावसाळ्यात. ब्रेक पॅड मात्र खरे होते. ते का खरे घातले, याचा मला आजही उलगडा नाही.

सर्वांत जास्त चीड अलाइनमेंटच्या प्रिंटची आली. त्यावर माझा गाडी नंबर पेनानं लिहिलेला. "आधी"च्या रकान्यात कॅम्बर अर्धा अंश. अहो, माझी गाडी तीन अंशांवर आत गेली होती! दुसऱ्या कुणाचा कागद मला दिला होता. आमचं स्वतःचं मशीन शॉप आहे, कास्टिंगचे तपासणी अहवाल मी रोज मायक्रॉनपर्यंत वाचतो. हा कागद घडी घालून डॅशबोर्डात ठेवला.

बिलही तसंच. जीएसटी नंबर 29 नं सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, 29 कर्नाटकाचे. पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली.

आणि कॉइलओव्हर? महिन्याभरानं गाडीवेड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्यातून विकायला आले. लॉक रिंगवर आधीच्या मालकानं मारलेला पिवळा रंगाचा ठिपका फोटोत स्पष्ट होता. तासवड्याच्या पुढं गाडी कशाला गेली, ते तेव्हा कळलं. तिकडंच कुठंतरी कॉइलओव्हर काढून घेतले असणार.

जाब विचारायला गेलो तेव्हा त्यानं आवाज चढवला नाही. हळूच म्हणाला, "मालक, गाडी मॉडिफाय केलेली हाय. तक्रार केलीसा तर आरटीओला सगळं सांगावं लागंल." माझ्या पोटात गोळा आला, कारण तो खोटं बोलत नव्हता. असे बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा तसाच निकाल आहे, मालकाला दर बदलामागं 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. असल्या गाडीचा मालक तक्रार करायला घाबरतो, यावरच ह्यांचा धंदा उभा आहे. महिनाभर मीही गप्प बसलो.

मग एका वकील मित्रानं सरळ विचारलं, "तू गाडी बेकायदा करायला दिलीस की कायद्यात आणायला?" माझ्याकडे व्हॉट्सॲपवर त्याला पाठवलेली यादी होती, प्रत्येक ओळीत "मूळ कंपनीचा" लिहिलेलं. आधी स्वतःच्या खिशातून सॉफ्टवेअर आणि शॉक खरे बसवले, सर्व्हिस सेंटरचा अहवाल घेतला, काढलेले शॉक पार्ट नंबरासकट पोत्यात भरून ठेवले. मग ग्राहक आयोगात अर्ज ऑनलाइन टाकला. 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, मुदत दोन वर्षं. 1915 या हेल्पलाइनवर आधी विचारून घेतलं होतं, तिथली बाई माझ्यापेक्षा शांत होती. फास्टॅगचे ते दोन मेसेज बँकेच्या स्टेटमेंटसह जोडलेत.

नाव कृपया विचारू नका, प्रकरण चालू आहे. असलं काम कुणी द्यायला निघालं असेल तर गाडी देताना चारही शॉकचे पार्ट नंबर, टायरचे कोड आणि किलोमीटर यांचे फोटो काढा, काढलेला प्रत्येक भाग परत हवा असं लिहून घ्या आणि आगाऊ पैसे पार्टच्या पक्क्या बिलावरच द्या. गाडी आत असताना फास्टॅगचा मेसेज आला तर चहा तसाच ठेवून गॅरेजात जा. मी गेलो असतो तर लिफ्ट रिकामी दिसली असती.