पीडीएफ, प्रश्नोत्तरं की कामाचं पान?

वेबसाइटवर माहिती कोणत्या रूपात ठेवायची, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी मजकूर लिहून झाल्यावर निघतो. खरं तर तो आधी सुटायला हवा, कारण रूप बदललं की वाक्यंही बदलतात. वाटा साधारण तीन असतात. हाताशी असलेला कागद पीडीएफ करून चढवून टाकायचा. ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ असं पान करायचं. किंवा माणूस जे काम करायला साइटवर येतो, त्या एकेका कामासाठी वेगळं पान लिहायचं. या तिसऱ्याला मी इथे ‘कामाचं पान’ म्हणते. तिन्ही मी केलेत, आणि माझा कौल तिसऱ्याला आहे. मात्र पीडीएफला तिची जागा आहे, प्रश्नोत्तरांना थोडी कमी.

तुलनेसाठी एकच उदाहरण धरू. प्रशिक्षणवर्ग घेणारी एक संस्था आहे. नोंदणी रद्द केली तर शुल्क परत मिळतं, त्याचे नियम आहेत. वाचणाऱ्याच्या हातात फोन आहे आणि त्याला दोनच गोष्टी हव्यात: पैसे किती परत मिळणार, आणि कधीपर्यंत कळवायचं.

पीडीएफ

तिचं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे काहीच करावं लागत नाही. नियमांचा कागद मंजूर झालेला असतो, तोच चढवला की काम संपलं. अडचण पीडीएफच्या जन्मातच आहे. १९९३ साली ती आली तीच मुळी पान सगळीकडे हुबेहूब दिसावं म्हणून. छापायला हा गुण आहे, फोनवर हाच अवगुण. ए-फोर आकाराचं पान तळहाताएवढ्या पडद्यावर मावत नाही; मग बोटांनी मोठं करा, ओळ वाचायला उजवीकडे सरका, पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे या. वेब पानाचा मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप घडी बदलतो. अपंगांसह सगळ्यांना वेब वापरता यावं यासाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात २०१८ च्या आवृत्तीपासून हे स्पष्ट लिहिलंय: ३२० पिक्सेल, म्हणजे लहान फोनच्या पडद्याएवढ्या रुंदीतही वाचणाऱ्याला आडवं सरकावं लागू नये.

मराठीसाठी आणखी एक खड्डा आहे. जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारी पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला कागद पीडीएफ केला की डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला असतो. शोधून काही सापडत नाही, कॉपी केलं तर कचरा हाती येतो, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाला तोच कचरा ऐकू येतो. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरं कॉपी करताना विस्कटल्याचं मी अनेकदा पाहिलंय. चढवण्याआधी एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा, दहा सेकंदांत कळतं.

तरी पीडीएफ हवीच असते. छापून सही करायचा अर्ज, प्रमाणपत्र, अमुक तारखेला मंजूर झालेले नियम जसेच्या तसे. अशा वेळी ती पानाच्या जोडीला ठेवावी, पानाऐवजी नाही. आणि लिंकवर ‘इथे क्लिक करा’ न लिहिता ‘नोंदणी रद्द करण्याचा अर्ज (पीडीएफ)’ असं लिहावं.

प्रश्नोत्तरं

हे रूप फसवं आहे, कारण ते लिहायला सोपं जातं. आठवेल तो प्रश्न लिहा, खाली उत्तर द्या, पुढे चला. क्रम लावायचा नाही, काय महत्त्वाचं ते ठरवायचं नाही. म्हणजे तो भार वाचणाऱ्यावर टाकला.

वर उल्लेखलेल्या उदाहरणामागे एक खरी संस्था आहे. नाव सांगत नाही. तिच्या पानावर एकतीस प्रश्न होते. पहिला होता ‘आमची वैशिष्ट्ये काय आहेत?’ हा प्रश्न जगात कुणी कुणाला विचारला असेल? पैसे परत मिळण्याचा प्रश्न सव्विसावा होता, आणि त्याला जोडून असलेली मुदतीची अट नवव्या प्रश्नात, वेगळ्याच शब्दांत. एकच नियम दोन ठिकाणी लिहिला की वर्षभरात एक जागा बदलली जाते आणि दुसरी राहून जाते. तिथे तसंच झालं होतं.

दुसरी अडचण डोळ्यांची. पडद्यावर माणूस ओळ न् ओळ वाचत नाही, मजकुरावरून नजर फिरवतो. नजरेचा माग घेणाऱ्या २००६ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात वाचकांची नजर इंग्रजी ‘एफ’सारखी फिरलेली दिसली: वरच्या एक-दोन ओळी आडव्या, मग डाव्या कडेने खाली. म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या शब्दांना भाव जास्त. आता ‘मी माझी नोंदणी काही कारणास्तव रद्द केल्यास मला पैसे परत मिळतील का?’ हे वाक्य बघा. कामाचा शब्द शेवटाकडे, आणि खालचे पाच प्रश्नही ‘मी’नेच सुरू होणारे. त्याऐवजी ‘पैसे परत: किती आणि कधीपर्यंत’ हे शीर्षक नजरेत लगेच अडकतं.

ब्रिटिश सरकारने २०१२ मध्ये आपल्या विखुरलेल्या साइट एकत्र करून गव्ह.यूके सुरू केली. तिच्या लेखन-नियमांत प्रश्नोत्तरांची पानं टाळा असंच सांगितलंय; मजकूर लोकांच्या गरजेनुसार नीट लिहिला तर त्यांची गरज पडत नाही, हा त्यामागचा तर्क. मी इतकी कडक नाही. नवी सेवा सुरू होते तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत लोक काय विचारतील याचा अंदाज नसतो. तेव्हा खरोखर आलेले प्रश्न एका पानावर गोळा करणं शहाणपणाचं आहे. पण ते पान साठवणीचं, कायमचं नव्हे. उत्तरं हळूहळू त्यांच्या मूळ पानांवर हलवायची.

कामाचं पान

त्या संस्थेच्या पीडीएफमधलं वाक्य असं होतं: ‘नोंदणी रद्द करावयाची असल्यास संबंधितांनी विहित नमुन्यातील अर्ज विहित मुदतीत सादर केल्यास नियमानुसार शुल्क परत करण्यात येईल.’

मला ते असं करायचं होतं: ‘वर्ग सुरू होण्याच्या … दिवस आधी अर्ज पाठवा. पूर्ण शुल्क परत मिळेल. त्यानंतर पाठवलात तर … टक्के मिळेल.’ रिकाम्या जागा भरायला कार्यालयात विचारलं, तर तिघांनी तीन आकडे सांगितले. ‘विहित मुदत’ या शब्दांच्या आडोशाला तो गोंधळ सुखाने नांदत होता. माझ्या मते तिन्ही रूपांतला खरा फरक इथे आहे. पीडीएफ आणि प्रश्नोत्तरं न ठरलेली गोष्ट लपवू देतात. कामाचं पान लिहायला बसलं की ती आधी ठरवावी लागते. म्हणून ते महाग पडतं. लिहायला एक दिवस, ठरवून घ्यायला तीन आठवडे.

फायदा किती, याचा एक जुना पण अजून उपयोगी पुरावा आहे. याकोब निल्सन आणि जॉन मॉर्क्स या वेबवापराच्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं लोकांकडून वापरून पाहिली. शब्द निम्म्यावर आणलेली आवृत्ती मूळ जाहिरातबाज आवृत्तीपेक्षा वापरायला ५८ टक्के सरस ठरली, शीर्षकं आणि याद्या घालून नजर फिरवण्याजोगी केलेली ४७ टक्के, फुशारकी काढलेली २७ टक्के. तिन्ही एकत्र केल्यावर आकडा १२४ वर गेला. कामाच्या पानात या तिन्ही गोष्टी करता येतात. मंजूर कागद जसाच्या तसा पीडीएफ केला तर एकही होत नाही.

मराठीत लिहिताना शीर्षकाबद्दल एक सावधगिरी. आपली नामं विभक्ती लागली की रूप बदलतात. पानात ‘पैशांचा परतावा’ लिहिलंय आणि कुणी ब्राउझरमध्ये ‘पैसे’ शोधलं, तर ते सापडत नाही. ‘परताव्यासाठी’मध्ये ‘परतावा’ सापडत नाही. म्हणून शीर्षकात शब्द मूळ रूपात ठेवावा, आणि तोही लोकांच्या तोंडचा. ‘परतावा’ कार्यालयात म्हणतात, बाहेर ‘पैसे परत’ म्हणतात.

कामाचं पान कुठे चालत नाही? सलग वाचायच्या मजकुराला, किंवा कलमांचा क्रमच महत्त्वाचा असलेल्या नियमावलीला. आणि जिथे सांभाळायला माणूस नाही तिथे. साठ पानं लिहून वाऱ्यावर सोडण्यापेक्षा पाच पानं आणि प्रत्येकाची जबाबदारी एका माणसाकडे, हे बरं.

अजून ठरत नसेल तर शेवटच्या पन्नास ईमेल उघडा आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. चार-पाच विषय वर आले तर त्यांची पानं करा. मग संस्थेशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी हातात फोन द्या, ‘पैसे किती परत मिळतील ते शोध’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं.

त्या संस्थेत शेवटी मंजूर नियमांची पीडीएफ राहिली, एकतीसपैकी चार प्रश्न राहिले आणि पाच नवी पानं झाली. वर्ग सुरू झाल्यावर कुणी आजारी पडलं तर काय, हे मात्र अजून ठरलेलं नाही. त्या पानावर तेवढ्यापुरतं ‘कार्यालयात फोन करा’ असं लिहिलंय, खाली नंबर आणि वेळ दिली आहे.