‘रेड ड्रॅगन’ की ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’?

थॉमस हॅरिसची ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९८८) ही थरारक कादंबरी काही वाचक एका बैठकीत संपवतात, तर काहींना त्यातला खुनी फारच पुसट वाटतो. तक्रार खरी आहे. सगळा झोत एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस आणि कैदेतला नरभक्षक मनोविकारतज्ज्ञ लेक्टर यांच्या संभाषणांवर. खुनी बफेलो बिल सावलीतच राहतो. हॅरिसच्याच ‘रेड ड्रॅगन’मध्ये (१९८१) उलट. तिथल्या खुन्याचं, डॉलरहाइडचं, होरपळलेलं बालपण, आजीची दहशत, अंध रीबावर जडलेला जीव, हे इतक्या जवळून दिसतं की त्याची कीव येते, आणि त्याच क्षणी अंगावर काटाही. इथेच गोष्ट रेंगाळते असं म्हणणारे आहेत. मला तर तोच कादंबरीचा गाभा वाटतो. वेग हवा असेल तर क्लॅरिसची गोष्ट घ्या. मी मात्र ‘रेड ड्रॅगन’च आधी हातात देईन.