आखूड रनरचे आठ महिने : मस्टँग जीटीवर बॉस ३०२ चा इनटेक मॅनिफोल्ड

एप्रिलमध्ये मिशिगनचा बर्फ वितळल्यावर मी माझ्या २०११ च्या फोर्ड मस्टँग जीटीचा मूळ इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग, उतरवला आणि त्या जागी बॉस ३०२ या मस्टँगच्याच २०१२ च्या मॉडेलचा मॅनिफोल्ड बसवला. आता नोव्हेंबर संपत आला आहे. या काळात नोव्हायहून ऑफिसला रोजचे जाणे-येणे झाले आणि साउथ हेवनच्या जिंजरमन रेसवेवर तीन दिवस गाडी मनसोक्त पळवूनही झाली. हा बदल करण्याचा विचार असलेल्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जुना आणि नवा मॅनिफोल्ड गॅरेजमधल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हाच निम्मी गोष्ट कळली होती. जुन्याच्या एका रनरमध्ये, म्हणजे प्लेनमपासून (हवा जमा होणाऱ्या पेटीपासून) सिलिंडरच्या तोंडापर्यंत हवा नेणाऱ्या नळीत, मी सुतळी सोडली. ती वळसा घेत बरीच आत गेली तेव्हा कुठे दुसऱ्या टोकाला दिसली. नव्यात मात्र झाकणाखालच्या मोठ्या पेटीत आठ आखूड, जवळजवळ सरळ नळ्या उभ्या आहेत आणि त्यांची तोंडे सनईच्या तोंडासारखी पसरट आहेत.

लांबीला एवढे महत्त्व का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पिस्टन खाली जाताना नळीत कमी दाबाची लाट निर्माण होते, ती ध्वनीच्या वेगाने प्लेनमकडे धावते आणि तिथल्या उघड्या तोंडावर आपटून जास्त दाबाची लाट होऊन परत येते. ही परतलेली लाट इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याच्या थोडे आधी पोहोचली, तर सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरली जाते. व्हॉल्व्ह मिटल्यावर पोहोचली, तर तिचा त्या फेरीला उपयोग नाही. उदाहरण म्हणून ६० सेंटिमीटरची वाट धरली, तर लाटेला जाऊन येण्यास सुमारे ३.५ मिलिसेकंद लागतात आणि ४५०० आरपीएमला (मिनिटाला ४५०० फेऱ्या) तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा, साधारण ९५ अंश फिरतो. वाट ४० सेंटिमीटरची केली, तर वेळ २.३ मिलिसेकंदांवर येतो आणि तेवढेच अंश फिरायला इंजिन ७००० आरपीएमच्या जवळ न्यावे लागते. नळीचा व्यासही तितकाच बोलतो : अरुंद नळीत कमी आरपीएमलाही हवेचा वेग टिकतो, पण वरच्या टप्प्यात तीच नळी गळा आवळते.

कंपनीचे आकडे याच्याशी जुळतात. २०११ च्या जीटीची शक्ती ६५०० आरपीएमला ४१२ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४२५० ला सुमारे ५२९ न्यूटन-मीटर होता. बॉसची शक्ती ७४०० ला ४४४ अश्वशक्ती, पण टॉर्क ४५०० ला सुमारे ५१५ न्यूटन-मीटर. बॉसचे सिलिंडर हेड आणि कॅमशाफ्टही वेगळे होते, त्यामुळे सगळा फरक मॅनिफोल्डच्या नावावर मांडता येत नाही. तरीही एक हिशेब मला फार बोलका वाटतो. कमाल शक्तीच्या बिंदूला जीटीचा टॉर्क सुमारे ४५० न्यूटन-मीटर येतो आणि बॉसचा ४२७. म्हणजे बॉस त्या क्षणी कमी जोराने ओढत असते, पण ते ओढणे अधिक आरपीएमला टिकवते, आणि शक्ती म्हणजे या दोहोंचा गुणाकार. आखूड रनर टॉर्क वाढवत नाही. तो टॉर्कला वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतो.

पहिले दोन आठवडे मात्र वाया गेले. सिग्नलला उभे असताना इंजिन एकसारखे वर-खाली होत होते आणि बारीक शिट्टी ऐकू येत होती. बसवणाऱ्या वर्कशॉपने मागच्या बाजूचा एक बोल्ट पुरता कसला नव्हता, त्यामुळे गास्केटपाशी हवा आत शिरत होती. इंजिनच्या संगणकाचे कॅलिब्रेशन नव्या मॅनिफोल्डप्रमाणे बदलून घ्यावे लागते हे सगळे सांगतात. त्याआधी ही गळती तपासा, असा माझा आग्रह आहे.

रोजच्या रस्त्यावर फरक पहिल्याच दिवशी जाणवला आणि तो सुखाचा नव्हता. महामार्गावर ताशी ७० मैलांना सहाव्या गिअरमध्ये इंजिन १९०० आरपीएमच्या आसपास असते. पूर्वी तिथून पाय दाबला की गाडी मुकाट्याने वेग घेई; आता पाचवा, कधी चौथा गिअर टाकावा लागतो. जिंजरमनवर चित्र उलटे होते. तिसऱ्या गिअरमध्ये ५५०० च्या पुढे जुने इंजिन दमल्यासारखे वाटायचे, तिथे हे मोकळा श्वास घेऊन शेवटपर्यंत ओढत राहते, आणि त्या वेळी पेटीतून येणारा खर्जातला आवाज ऐकून मन भरून येते.

पण ट्रॅकचे दिवस तीनच होते. शिवाय बॉसला मागचा अॅक्सल ३.७३ गुणोत्तराचा (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्समधून येणाऱ्या दांड्याच्या इतक्या फेऱ्या) होता, तर माझ्या गाडीला ३.३१ चा आहे. ३.७३ मुळे चाकांपर्यंत पोहोचणारा टॉर्क सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो आणि खालची तूट बरीच भरून निघते. बॉसची आरपीएम मर्यादाही ७५०० होती. मी माझ्या इंजिनाची ७००० वरच ठेवली. कंपनीने एकत्र दिलेल्या तीन गोष्टींपैकी मी एकच घेतली, आणि माझ्या नापसंतीचे मूळ तिथे आहे. ज्यांची गाडी महिन्यातून एकदा तरी ट्रॅकवर जाते आणि जिला ३.७३ आहे, त्यांनी हा मॅनिफोल्ड निःशंक घ्यावा.

माझ्या एका मित्राची गाडी नेमकी तशी आहे, म्हणून बॉसचा मॅनिफोल्ड त्याच्याकडे जाईल. मी नव्या गास्केटचा संच मागवला आहे. मार्चमध्ये लांब रनरचा जुना मॅनिफोल्ड परत चढेल, आणि या वेळी बोल्ट मी स्वतः टॉर्क रेंचने कसणार आहे.