कवितेचा ऑनलाइन क्लास : व्हिडिओ कॉल घ्यावा का व्हॉइस नोटचा ग्रुप?

जळगाव-धुळ्याकडचे दोन-तीन कवी मित्र सध्या कविता लिहायला शिकवायचा ऑनलाइन क्लास काढायच्या तयारीत आहेत आणि जो तो हेच विचारतो, लाइव्ह घेऊ का व्हॉट्सॲपवर. मी दोन्ही करून बसलोय, म्हणून माझ्यापुरतं सांगतो.

झूम का मीट या वादात मी पडत नाही. फुकटात झूम 40 मिनिटं देतं, मीट तिघं झाले की 60, दोन्ही कमीच पडतात. व्हिडिओचा खरा फायदा म्हणजे चेहरे दिसतात, ओळ पोचली नाही हे लगेच कळतं, आणि वेळ ठरलेली असली की लोक लिहून आणतात. ग्रुपवर "उद्या टाकतो सर" हे आठवडाभर चालतं.

पण माझं घोडं अडलं ते वृत्तापाशी. भुजंगप्रयात हे वृत्त शिकवायचं म्हणजे लगागा लगागा (ल म्हणजे लघू, आखूड अक्षर, गा म्हणजे गुरू, लांब अक्षर) सगळ्यांनी टाळी धरून एकत्र म्हणायला पाहिजे, तेव्हा कुठे ते कानात बसतं. कॉलवर प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो, त्यामुळे ओळीची बारा अक्षरं संपेस्तोवर कोण कुठे आहे पत्ता नाही, त्यात एकाचा आवाज वर आला की बाकीच्यांचे दबतात आणि टाळी तर गोंगाट म्हणून गाळलीच जाते. मग सगळ्यांना म्यूट करायचं आणि आपण एकट्याने म्हणायचं, समोर नुसते ओठ हलतायत. त्यातही मी मुद्दाम थांबलो, की कुणीतरी हमखास, "सर, आवाज गेला!" आता कवितेत थांबायचं नाही तर शिकवायचं काय?

व्हॉइस नोटला ही भानगडच नाही. जो तो आपली ओळ म्हणून टाकतो, मी बोटाने मागे ओढून परत ऐकतो आणि कुठल्या अक्षरावर गुरूचा लघू झाला ते नेमकं सांगतो. रावेरकडचा एक जण केळीला रात्री पाणी देतो, त्याला संध्याकाळचा क्लास जमणं शक्य नाही, त्याची नोट मध्यरात्री येते, मागे मोटरीचा आवाज असतो, पण लय पक्की. एक ताई कॉलवर घरच्यांसमोर अगदी पुस्तकी मराठीत वाचायच्या, तीच कविता कापूस वेचता वेचता अहिराणीत म्हणून पाठवली, 'मन्ही माय'पासून सुरू, आणि खरं सांगू का, कितीतरी सरस होती. लिहिण्याची सवय नसलेलेही यात येतात. बहिणाबाईंच्या ओव्यासुद्धा तोंडातच होत्या, कागदावर घरच्यांनी उतरवल्या.

ग्रुपचे तोटे आहेतच, गुड मॉर्निंगची फुलं येतात आणि काही महाभाग कविता दुप्पट स्पीडवर ऐकतात. फुलांवर उपाय आहे, ग्रुप फक्त ॲडमिनला बोलता येईल असा ठेवायचा आणि गृहपाठाच्या दिवशी खुला करायचा. स्पीडवाल्यांवर काही उपाय नाही.

तुमची मंडळी पुण्या-नाशकातली, चांगल्या वायफायवरची आणि मुक्तछंदवाली असतील तर व्हिडिओ घ्या, काही बिघडत नाही. आपल्या भागातली असतील तर मी तरी ग्रुपच म्हणेन, महिनाअखेर एखादा कॉल ठेवायचा वाचनापुरता. फी मात्र ग्रुपमध्ये घ्यायच्या आधीच घ्या.