मुलाचं ऑपरेशन: जनरल वॉर्ड की स्वतंत्र खोली?

हर्निया, अपेंडिक्ससारख्या ऑपरेशननंतर मुलाजवळ राहायचं, तर खोलीत आईला रात्री नीट आडवं तरी होता येतं. वॉर्डात बहुधा खुर्ची, आणि कुणाचं ना कुणाचं मूल रडतंच. पण तिथे सिस्टर हाकेच्या अंतरावर असतात, आपण बाथरूमला गेलो तर शेजारच्या खाटेवरची आजी लक्ष ठेवते, आणि 'तो बघ, चालायला लागला' म्हटलं की आपलंही पोर उठतं. खोलीत ते मोबाइलला चिकटतं.

पैशांचं गणित भाड्यापुरतं नसतं. अनेक विमा पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली, की सर्जनच्या फीसारख्या इतर बऱ्याच खर्चांपोटी मिळणाऱ्या विम्याच्या पैशांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. जंतुसंसर्गाचा धोका डॉक्टरांनी सांगितला असेल तर खोलीच घ्यावी. एरवी माझं मत वॉर्डाला.